‘आम्ही’, ‘आपण’ आणि एक बेडूक

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ अशी दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही उद्या जाणार’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपण उद्या जाऊ’ म्हटले की तो बरोबर निघतो. इंग्रजीला हा भेद एका शब्दात करता येत नाही. मराठी लेखकांना आणखी एक सवय असते. लिहिणारा एकटाच असला तरी तो स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो. या लेखातले ‘आम्ही’ त्याच जुन्या सवयीचे आहे. त्यात मोठेपणाचा आव नाही, झालाच तर थोडा आडोसा आहे. त्या आडोशाची गरज का भासली, ते पुढे येईलच.

२०२२ च्या पावसाळ्यात आम्ही एका विद्यापीठातल्या ‘शिक्षण आणि मानव विकास’ या विषयावरच्या संशोधनगटात दाखल झालो. आमचे शिक्षण मराठी साहित्याचे. एम. ए. झाले, नंतर काही वर्षे महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणे झाले. ‘निवेदनमीमांसा’ हा आमचा आवडता विषय. गोष्ट कोण सांगतो, कोणाच्या डोळ्यांनी सांगतो, कुठून सुरू करतो, काय गाळतो, हे प्रश्न घेऊन आम्ही वर्गात तासचे तास बोलत असू. माणसाच्या वाढीच्या अभ्यासकांना अशा माणसाचा काय उपयोग, हा प्रश्न आम्हांला पडला होता. गटप्रमुख मॅडमनी मुलाखतीत आम्हांला एवढेच विचारले, “मुलांच्या गोष्टी ऐकायला बसाल का? कंटाळा येतो. आधीच सांगते.” आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, “गोष्टींचा कंटाळा आम्हांला येत नाही.”

गट दर बुधवारी जमत असे. खोली लहान होती, टेबल मोठे होते आणि पंखा आवाज करी. गटात शिक्षणशास्त्राच्या दोन प्राध्यापिका, मानसशास्त्राचा एक पीएच.डी.चा विद्यार्थी, गृहविज्ञानातून आलेली एक सहकारी आणि संख्याशास्त्राचे एक अबोल गृहस्थ होते, आणि आता आम्ही. पहिले काही बुधवार आम्ही केवळ शब्दांचे अर्थ लावण्यात घालवले. ‘विदा’ म्हणजे माहिती, हे माहीत होते. पण माणसे ‘विदा स्वच्छ करतात’ म्हणजे काय करतात, ते कळायला वेळ लागला. ‘नमुना’ हा शब्द ऐकला की आमच्या डोळ्यांपुढे एखादा वल्ली उभा राही. इथे नमुना म्हणजे निवडलेली मुले. साहित्याच्या वर्गात एका कवितेवर महिनाभर बोलता येते, आणि त्या एका कवितेवरून सगळ्या कवितांविषयी काही सिद्ध करा असे कोणी म्हणत नाही. इथे प्रत्येक वाक्यानंतर कोणीतरी विचारी, “हे किती मुलांत दिसले?” हा प्रश्न आम्हांला आरंभी अरसिक वाटे. पुढे ध्यानात आले की तोही नम्रतेचाच एक प्रकार आहे. आपल्याला भावलेले एक उदाहरण म्हणजे जग नव्हे, एवढेच तो सांगतो.

करोनाच्या काळात शाळा दीर्घकाळ बंद होत्या. त्यानंतर पहिली-दुसरीत आलेल्या मुलांची बोलण्याची, विशेषतः सलग गोष्ट सांगण्याची क्षमता कशी आहे, हे गटाला पाहायचे होते. त्या दिवसांत ‘अध्ययनक्षय’ हा शब्द जिकडेतिकडे ऐकू येत होता. मुले काय विसरली, किती मागे पडली, याची मोजदाद चालू होती. तिच्यात आमच्या गटाचाही खारीचा वाटा होता.

मुलांकडून गोष्ट काढून घेण्याचे साधन म्हणून एक चित्रपुस्तक निवडले होते. मर्सर मेयर या अमेरिकन चित्रकाराचे १९६९ सालचे ‘फ्रॉग, व्हेअर आर यू?’. पुस्तकात शब्द नाहीत, २४ चित्रे आहेत. एका मुलाने काचेच्या बरणीत बेडूक ठेवला आहे. रात्री मुलगा आणि त्याचा कुत्रा झोपले असता बेडूक बाहेर पडतो. सकाळी दोघे त्याला शोधायला निघतात. मधमाश्यांचे पोळे, जमिनीतले बीळ, घुबड, हरीण अशी संकटे येतात. हरीण मुलाला शिंगांवर घेऊन जाते आणि तो पाण्यात पडतो. शेवटी एका ओंडक्यामागे बेडूक सापडतो, त्याच्या जोडीदारासह आणि पिलांसह. मुलगा एक बेडूक घेऊन निरोपाचा हात हलवत परततो. मुलांच्या कथनाच्या अभ्यासात हे पुस्तक जगभर वापरले गेले आहे. रूथ बर्मन आणि डॅन स्लोबिन यांनी इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश, हिब्रू आणि तुर्की या पाच भाषांत याच चित्रांवरून सांगितलेल्या गोष्टींचा अभ्यास करून १९९४ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. एकच चित्रमालिका वेगवेगळ्या भाषांची मुले कशी सांगतात, हे त्यामुळे शेजारी ठेवून पाहता येते.

गोष्टीला गुण देण्यासाठी एक तक्ता होता. मुख्य पात्र, अडचण, उद्दिष्ट, प्रयत्न, परिणाम, शेवट असे त्याचे रकाने. तो पाहून आम्हांला परक्या गावात ओळखीचे माणूस भेटावे तसे झाले. व्लादिमिर प्रॉपने १९२८ साली रशियन परीकथांचा जो सांगाडा मांडला, त्याचे दूरचे वंशज मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात ‘कथेचे व्याकरण’ म्हणून वापरायला घेतले. तो सांगाडा आम्ही वर्गात कितीदा शिकवला होता. बुधवारच्या बैठकीत त्यावर आम्ही अर्धा तास बोललो. सगळ्यांनी आदराने ऐकले. आपण इथलेच आहोत, असे त्या दिवशी आम्हांला प्रथम वाटले. नंतरच्या चुकीचे बीज बहुधा त्याच समाधानात होते.

नोव्हेंबरात आम्ही अमरावती जिल्ह्यातल्या एका गावी, जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. कापसाच्या वेचणीचे दिवस. गाव सकाळीच शेतात गेलेले. पालकांच्या संमतीच्या कागदांवर सह्या आणि अंगठे घेण्यासाठी आम्ही आदल्या संध्याकाळी घरोघर फिरलो होतो. मुलांनाही विचारायचे होते, ‘गोष्ट सांगशील का? नको वाटले तर नाही म्हण.’ एक मुलगा खरोखरच ‘नाही’ म्हणाला आणि खेळायला पळाला, तेव्हा आम्हांला त्याचे कौतुक वाटले. शाळेतले गुरुजी मात्र आमच्याकडे जरा सावधपणे पाहत होते. चहा देता देता म्हणाले, “दरवर्षी कोणी ना कोणी येते, फॉर्म भरते आणि जाते. मुले पुढे कुठे गेली ते आम्हांला कळते. तुमचा फॉर्म कुठे गेला, ते कधी कळत नाही.” आम्ही हसून वेळ मारून नेली.

दुसरीतल्या एका मुलीची पाळी आली. ती पुस्तक मांडीवर घेऊन बसली. आधी शेवटचे पान उघडले, मग पहिले. पुष्कळ वेळ काही बोललीच नाही. मग सांगू लागली:

“बेडूक बाटलीत कोंडेल होतं. मंग रात झाली. मंग पोरगं झोपलं. मंग बेडूक पयालं. त्याचे लेकरं तती वाट पाहे.”

इथे ती थांबली आणि चित्राकडे न बघता म्हणाली, “माही माय कापूस येचाले जाते. मंग मी वाट पायतो.”

मधमाश्या, घुबड, हरीण यांची पाने तिने भराभर उलटली. त्यांच्याविषयी ती जवळजवळ काहीच बोलली नाही. ओंडक्याच्या चित्रावर आली तेव्हा चेहरा उजळला. “हे पाहा, भेटले लेकरं.” आणि मग अगदी शेवटच्या चित्रावर बोट ठेवून, आवाज उतरवून: “मंग त्या पोरानं एक लहानं बेडूक नेलं. आता त्याची माय त्याले धुंडन.”

आम्ही ध्वनिमुद्रण बंद केले, तिला शाबासकी दिली आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

त्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी आम्ही तक्ता भरला. मुख्य पात्र म्हणजे मुलगा. त्याचा उल्लेख आहे, पण जेमतेम. अडचण, म्हणजे बेडूक हरवल्याचे मुलाच्या लक्षात येणे: नाही. उद्दिष्ट, शोध घेणे: नाही. प्रयत्न: नाहीत. शेवट, बेडूक परत मिळणे: चुकीचा. शिवाय मध्येच विषयांतर. दहापैकी दोन गुण. गटाच्या नियमाप्रमाणे तीच गोष्ट दुसऱ्या सहकाऱ्याने आमचे गुण न पाहता तपासली. त्यानेही दोनच दिले. दोन तपासनिसांचे मत योगायोगापेक्षा किती अधिक जुळते, हे सांगणारे ‘कप्पा’ नावाचे एक माप जेकब कोहेन यांनी १९६० साली सुचवले. त्या मापाने आमचे एकमत उत्तम होते. दोघांनी मिळून एकच चूक केली, तर तिचेही एकमत उत्तमच येते. हे आम्हांला त्या रात्री सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना गुरुजींनी सहज विचारले, “काय वाटली पोरे?” असे विचारल्यावर एकेका मुलाविषयी बोलायचे नाही, हा नियम आम्हांला सांगितलेला होता. पण गुरुजींच्या आदल्या दिवशीच्या बोलण्याने आम्ही ओशाळलो होतो. आपण नुसते घेऊन जात नाही, काही देतोही, असे दाखवायचा मोह झाला. आम्ही म्हणालो, “चांगली आहेत. ती एक मुलगी मात्र थोडी मागे वाटते. गोष्ट जुळवता येत नाही.” गुरुजींनी मान डोलावली. एवढेच झाले. पाच-दहा सेकंदांचे बोलणे.

पुढच्या एका बुधवारी मॅडमनी निवडक ध्वनिमुद्रणे सगळ्यांना ऐकवली. त्यांची एक अट असे: तक्ता समोर घ्यायचा नाही, पहिल्यांदा नुसते ऐकायचे. त्या मुलीची गोष्ट संपली. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. संख्याशास्त्राचे ते अबोल गृहस्थ, ज्यांनी प्रॉपचे नाव प्रथम आमच्याच तोंडून ऐकले होते, म्हणाले, “एक विचारू का? बेडकासाठी रकाना कुठला?”

आमच्या पोटात खड्डा पडला. त्या मुलीने मुलाची गोष्ट सांगितलीच नव्हती. तिने बेडकाची गोष्ट सांगितली होती. मुख्य पात्र: बेडूक. अडचण: बरणीतला कोंडवाडा, आणि वाट पाहणारी लेकरे. उद्दिष्ट: घरी जाणे. प्रयत्न: रात्री, धनी झोपल्यावर, पळून जाणे. परिणाम: लेकरे भेटली. मधमाश्या आणि घुबड हे मुलाचे साहस, त्याचा बेडकाशी काय संबंध? म्हणून ती पाने तिने उलटली. शेवटचे पान आधी पाहून तिने कथेचा कर्ता ठरवला होता. आम्ही सुखान्त म्हणून ज्या चित्राकडे पाहत होतो, त्यात तिला दुसऱ्या एका आईची ताटातूट दिसली. आणि ज्याला आम्ही ‘विषयांतर’ लिहिले, ते तिच्या गोष्टीचे मर्म होते. वाट पाहणे म्हणजे काय, हे तिला ठाऊक होते. त्या ज्ञानाच्या आधाराने ती ते चित्र वाचत होती.

बोलतो कोण आणि पाहतो कोण, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा, असे जेरार जेनेतने १९७२ साली सांगितले. ते वाक्य आम्ही फळ्यावर किती वेळा लिहिले असेल, त्याची गणती नाही. सात वर्षांच्या मुलीने दृष्टिकोन बदलून दाखवला आणि निवेदनमीमांसेच्या शिक्षकाने तिला दहापैकी दोन गुण दिले. हसण्यासारखी गोष्ट आहे. त्या दिवशी मात्र हसू आले नाही.

मग आम्ही आपल्या लिखित प्रतीकडे वळलो, आणि लाज आणखी वाढली. तिचे बोलणे उतरवून घेताना आम्ही ते न सांगता ‘सुधारले’ होते. ‘पयालं’चे ‘पळालं’ केले होते. दर वाक्यारंभीचा ‘मंग’ अडखळणे समजून गाळला होता. आणि ‘मी वाट पायतो’चे ‘मी वाट पाहते’ केले होते. वऱ्हाडीत बाई-मुलगीही ‘मी जातो, मी पायतो’ म्हणते, हे बोलींच्या प्रकरणात आम्हीच शिकवतो. पण बोट प्रमाणभाषेच्या वळणाने चालले. गटातली गृहविज्ञानाची सहकारी त्याच भागातली. ती शांतपणे म्हणाली, “माझी आजी अशीच बोलायची.” त्या वाक्यात तक्रार नव्हती, म्हणून ते अधिक लागले.

त्यानंतर आम्ही जे वाचले, ते आधी वाचायला हवे होते. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली ‘रिमेंबरिंग’ या ग्रंथात एक प्रयोग नोंदवला आहे. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक भुतांची कथा त्यांनी इंग्रज वाचकांना दिली आणि नंतर आठवून सांगायला लावली. वाचकांनी ती नकळत आपल्या वळणाची करून टाकली. लहान होडीची बोट झाली, जे विचित्र वाटले ते गळून गेले, जे जुळत नव्हते ते जुळवले गेले. आम्ही त्या मुलीच्या गोष्टीचे नेमके हेच केले होते. फरक इतकाच, की बार्टलेटचे वाचक परीक्षक नव्हते. त्यांच्या विसरण्याने कोणी नापास झाले नाही.

विल्यम लबॉव्ह यांचा १९६९ सालचा लेखही याच सुमारास हाती आला. न्यू यॉर्कच्या हार्लेममधला एक आठ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मुलाखतकारापुढे एका शब्दाची, दोन शब्दांची उत्तरे देतो. वास्तविक मुलाखतकारही कृष्णवर्णीय आणि त्याच वस्तीत वाढलेला. असल्या मुलाखतींच्या आधारे ‘या मुलांना भाषाच नाही’ असे निष्कर्ष काढले जात होते. पुढच्या वेळी मुलाखतकार बटाट्याच्या वेफर्सची पिशवी आणतो, मुलाच्या मित्राला बरोबर घेतो आणि स्वतः जमिनीवर बसतो. तोच मुलगा मग मित्राला बोलू देत नाही, इतका बोलतो. मुलाची भाषा बदलली नाही. बसण्याची जागा बदलली.

आमच्या प्रसंगाच्या सर्वांत जवळचे काम सारा मायकल्स यांचे. कॅलिफोर्नियातल्या पहिलीच्या वर्गात मुले सकाळी आपापले अनुभव सांगत, ते त्यांनी नोंदवले आणि १९८१ साली त्यावर लिहिले. काही मुले एकाच विषयाला धरून, सरळ सांगत. काही कृष्णवर्णीय मुली मात्र एकातून दुसऱ्या प्रसंगात जात. त्यांचा धागा उघड बोलून दाखवलेला नसे, स्वराच्या चढउतारात असे. शिक्षिकेला ते भरकटणे वाटे आणि ती मध्येच थांबवी. पुढे १९८५ साली जेम्स पॉल गी यांनी अशाच एका मुलीचे कथन घेतले आणि गद्यासारखे न लिहिता ओळी आणि कडवी पाडून लिहिले. तसे लिहिल्याबरोबर त्यातली पुनरावृत्ती, समांतर रचना आणि तोल उघड झाले. ज्याला शाळा विस्कळीत म्हणत होती, ते मौखिक काव्याच्या घरचे होते.

आम्हीही त्या रात्री गाळलेले सगळे ‘मंग’ परत आणले, आणि प्रत्येक ‘मंग’पाशी ओळ तोडली. कागदावर जे उतरले, ते पाहून जात्यावरच्या ओव्या आठवल्या. ओळीच्या आरंभी तोच शब्द, एका दमात मावेल एवढीच ओळ, आणि अंगणातले, शेतातले, माहेरचे एकदम त्यात येणे. ओवीत असे आले तर आम्ही त्याला ‘भावबंध’ म्हणतो. दुसरीतल्या मुलीने केले तर ‘विषयांतर’. साहित्याच्या माणसाने संशोधनगटाला काय द्यावे, याचे उत्तर आम्हांला इथे सापडले. ते प्रॉपवरच्या अर्ध्या तासाच्या भाषणात नव्हते. गोष्टीला गुण देण्यापूर्वी ती कोणाची आहे हे विचारावे, एवढेच ते होते. आणि साहित्याच्या माणसाला गटाने काय दिले, तेही त्याच वेळी कळले. आपल्या वाचनावर शंका घेणारी चार माणसे दर बुधवारी समोर बसलेली असणे, ही मोठी गोष्ट आहे. एकट्याच्या अभ्यासिकेत तो ‘बेडकासाठी रकाना कुठला’ हा प्रश्न कोणी विचारला नसता.

तक्ता बदलला. मुख्य पात्र कोण हे आता मुलाच्या कथनावरून ठरवायचे, आणि मग पुढचे रकाने त्या पात्राच्या अनुषंगाने भरायचे. बोलणे जसे ऐकू आले तसेच लिहायचे. आधीची सगळी मुद्रणे पुन्हा ऐकली. काही गुण वाढले, काही तसेच राहिले, एक-दोन कमीही झाले. सगळीच मुले गुप्त कवी असतात, असा भाबडा निष्कर्ष आम्ही काढत नाही. काहींना खरोखरच मदतीची गरज होती, आणि ती नेमकी कोणाला, हे आता अधिक नीट दिसू लागले. त्या मुलीचे दोनाचे आठ झाले.

कागदावर दुरुस्ती झाली. पण आमच्या तोंडून गेलेला शब्द कागदावर नव्हता.

मार्चमध्ये आम्ही त्या गावी पुन्हा गेलो. वेचणी संपली होती, शेतात नुसत्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. गुरुजींना भेटून सगळे सांगितले. आमची चूक कशी झाली, तिची गोष्ट कशी पूर्ण होती, सगळे. गुरुजींनी ऐकून घेतले. म्हणाले, “मला तेव्हाच नवल वाटले होते. घरच्या गप्पा मारताना ती थांबत नाही. पण तुम्ही विद्यापीठाचे. म्हटले, तुम्हांला काही दिसले असेल.” मग थोडे थांबून, “अप्रगत मुलांसाठी वेगळा तास घेतो मी. तिला तिथे बसवले. तिच्या मायलाही सांगितले होते.”

गुरुजींनी मुद्दाम काही वाईट केले नव्हते. त्यांनी आमच्यावर विश्वास ठेवला होता. स्वतः रोज पाहत असलेल्या गोष्टीपेक्षा आमच्या दहा सेकंदांच्या मताला त्यांनी अधिक मोल दिले, कारण आमच्यामागे विद्यापीठाचे नाव होते. आम्ही त्या संध्याकाळी मुलीच्या घरी गेलो. तिची आई चुलीपाशी होती. तिला आम्ही सांगितले, की पोरीची गोष्ट छान होती, चूक आमच्या ऐकण्यात होती. तिने एकदा पोरीकडे पाहिले, एकदा आमच्याकडे. “ते त मले मालूम हाय,” ती म्हणाली, “पण सरनं सांगतलं म्हनून म्या तिले रागावलो होतो.” (इथेही ‘रागावलो’. या वेळी आम्ही तसेच लिहिले.) ते रागावणे परत घेता येणार नव्हते. आम्ही ते ऐकून घेतले. दुसरे काय करणार?

कोसबादच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९५७ पासून काम केले. त्याआधी १९४५ पासून बोर्डीला केले. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत, तेव्हा ‘मुले मागे आहेत’ अशी नोंद करून त्या थांबल्या नाहीत. बालवाडीच त्यांनी मुलांच्या अंगणात नेली. तिला नाव पडले अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली, ती कुरणशाळा. आज ‘मानव विकास’ म्हणून जे आपण विद्यापीठांत शिकतो, त्यातला एक मोठा धडा या दोन शब्दांत आहे. मूल शाळेपर्यंत पोहोचत नसेल तर शाळेने आपले अंतर मोजावे. आम्ही मुलीचे अंतर मोजत बसलो होतो, आमचे स्वतःचे नव्हे.

संशोधनगटात दाखल होणे म्हणजे एका नव्या ‘आम्ही’त दाखल होणे. शोधनिबंधात प्रत्येक वाक्य त्यानेच सुरू होते: आम्ही निवडले, आम्ही मोजले, आम्हांला आढळले. ते ‘आम्ही’ आवश्यकही आहे. जबाबदारी कोणाची हे त्यातून कळते. चूक झाली तर ती कोणाच्या नावावर लिहायची, तेही कळते. म्हणूनच या लेखातही आम्ही ते सोडलेले नाही. गुरुजींना बोललेले ते वाक्य आमचे होते, गटाचे नव्हे. ‘आम्ही’च्या आडोशाला राहून का होईना, पण ते इथे कबूल करायचे होते. मात्र त्या ‘आम्ही’चे व्याकरण विसरून चालत नाही. त्या शब्दात ऐकणारा बाहेर राहतो. ती मुलगी, तिची आई, गुरुजी, सगळे बाहेर राहतात, आणि त्यांच्याविषयीची वाक्ये मात्र त्यांच्या घरापर्यंत जातात.

निघायच्या आधी त्या मुलीने आमच्या पिशवीतले पुस्तक ओळखले आणि काढून घेतले. ओट्यावर बसून तिने ते धाकट्या भावाला दाखवायला सुरुवात केली. आम्ही ध्वनिमुद्रक बाहेर काढला नाही. शेवटच्या पानावर ती थांबली. भावाने विचारले, मग त्या लहान बेडकाचे काय झाले? तिने थोडा विचार केला आणि आम्हांलाही जवळ बसायची खूण केली.

“आता आपुन सांगू,” ती म्हणाली.

आम्ही बसलो. पुस्तकात पुढे चित्र नव्हते. लहान बेडूक घरी कसे आले, ते तिघांनी मिळून ठरवायला अंधार पडला.